पुराच्या उलट वाटेने

[पाठपरिचय : १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे धरण फुटले आणि मुठा नदीला महापूर आला. तो पूर ज्या वाटेने शहरात शिरला, त्याच वाटेने उलट दिशेला, म्हणजे शहरापासून धरणापर्यंत केलेल्या एका दिवसाच्या सहलीचे वर्णन या पाठात आहे. वाटेवरील प्रेक्षणीय स्थळांचा परिचय करून देत असतानाच ही आपत्ती कशी ओढवली आणि तिच्यापासून कोणता बोध घ्यावा, हे लेखकाने सांगितले आहे.]

नदी आणि मनुष्य यांचे नाते फार प्राचीन आहे. नदीने पाणी दिले, सुपीक माती दिली, म्हणून मनुष्य तिच्या काठी वस्ती करून राहिला. त्याने घाट बांधले, देवळे उभारली आणि नदीला आई म्हटले. परंतु आईलाही राग येतो. तो येऊ नये म्हणून मुलाने आपल्या मर्यादेत राहावे लागते. या मर्यादेचा विसर पडला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याहून चाळीसएक किलोमीटरांची वाट चालून गेले की पुरे.

पुण्यातील वृद्ध माणसांच्या बोलण्यात अजूनही कधी कधी 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' असे शब्द येतात. कोणता पूर, हे ते सांगत नाहीत. सांगण्याची गरजही त्यांना वाटत नाही. मुठेला पूर पुष्कळ वेळा आले, पण पुणेकरांच्या मनात 'पूर' म्हणजे पानशेतचा पूर. माझा जन्म त्या सुमाराचा. त्यामुळे हा प्रसंग मी पाहिलेला नाही, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. पुढे शिक्षक झाल्यावर मात्र विद्यार्थ्यांना घेऊन ही वाट मी अनेकदा पायांखाली घातली. विद्यार्थीमित्रांनो, चला, आज तुम्हांलाही त्याच वाटेने नेतो. पाणी वरून खाली आले. आपण खालून वर जाऊ.

आपल्या सहलीचा आरंभ लकडी पुलावरून करू. पेशवाईत हा पूल प्रथम बांधला गेला तेव्हा तो लाकडाचा होता. लाकूड गेले, दगड आला, पुलाला संभाजी पूल असे नवे नाव मिळाले. पण लोकांच्या जिभेवर 'लकडी पूल' हेच नाव राहिले. पुलाच्या एका अंगाला डेक्कन जिमखाना आणि दुसऱ्या अंगाला नारायण, शनिवार, सदाशिव या जुन्या पेठा आहेत. उन्हाळ्यात येथे उभे राहून खाली पाहिले तर नदीचे पात्र इतके रोडावलेले दिसते की, हिच्यापासून कोणास भय असेल अशी शंकाही मनात येत नाही. पण त्या दिवशी पुलावरून पाणी वाहत होते.

पुलापासून काठाकाठाने थोडे खाली गेले की ओंकारेश्वराचे देऊळ लागते. अठराव्या शतकात, पेशव्यांच्या काळात बांधलेले हे शिवमंदिर भक्कम दगडी बांधणीचे आहे. नदीकाठच्या कित्येक वाड्यांच्या माती-विटांच्या भिंती त्या पुरात विरघळून गेल्या. परंतु हे देऊळ पाण्यात बुडूनही उभे राहिले. आजूबाजूच्या जुन्या घरांतील माणसे पुढे अनेक वर्षे पाहुण्यांना भिंतीवर बोट ठेवून दाखवीत, "पाणी येथपर्यंत आले होते!" ते बोट पुष्कळदा पाहणाऱ्याच्या डोक्याच्याही वर असे.

आता सिंहगड रस्त्याने पुढे निघू. वाटेत विठ्ठलवाडीचे जुने देवस्थान लागते. आषाढी एकादशीला येथे मोठी यात्रा भरते. एके काळी ही वाट शेतांमधून आणि मळ्यांमधून जात असे. आज दोन्ही बाजूंना उंच इमारती झाल्या आहेत. सुमारे वीस किलोमीटर गेल्यावर डोळ्यांसमोर एकाएकी निळे पाणी पसरते. हे खडकवासला.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले. कॅप्टन फाइफ या अभियंत्याने त्याची आखणी केली, म्हणून जलाशयाला 'लेक फाइफ' असे नाव पडले. दीड किलोमीटरहून अधिक लांब अशी ही दगडी भिंत त्या काळी मोठे नवल मानली जाई. भारतरत्न मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी योजलेली स्वयंचलित दारे १९०३ साली याच धरणावर प्रथम बसविण्यात आली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. पुण्याला प्यायला पाणी आणि पूर्वेकडील कोरड्या शेतांना कालव्याचे पाणी याच जलाशयातून मिळत असे, आजही मिळते.

जलाशयाच्या पलीकडच्या काठावर, टेकड्यांच्या कुशीत एक घुमटाकार इमारत दिसते. ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे सुदान ब्लॉक. या प्रबोधिनीची पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाली. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे एकत्र शिक्षण घेतात. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या भूमीवर भारतीय सैनिकांनी जो त्याग केला, त्याची आठवण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून ही इमारत उभी राहिली. जवळच केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नद्या, धरणे आणि बंदरे यांच्या लहान प्रतिकृती जमिनीवर बांधतात, त्यांतून खरेखुरे पाणी सोडतात आणि ते कसे वागते याचे बारकाईने निरीक्षण करतात. या दोन्ही संस्था आतून पाहावयाच्या असतील तर आगाऊ परवानगी काढावी लागते. पाण्याच्या स्वभावाचा अभ्यास जेथे रात्रंदिवस चालतो, त्या ठिकाणाच्या उशालाच हा अनर्थ घडावा, हा दैवाचा विलक्षण खेळ म्हणावा लागेल.

धरणापासून थोडे पुढे गेल्यावर रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडची वाट सिंहगडाकडे जाते. आपण प्रथम गडावर जाऊ, कारण या सगळ्या खोऱ्याचा नकाशा तेथून एका दृष्टिक्षेपात दिसतो.

सिंहगडाचे पूर्वीचे नाव कोंढाणा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी हा गड घेतला आणि त्यासाठी प्राण दिले, ही कथा तुम्ही इतिहासात वाचली आहे. छत्रपती राजाराम महाराजांची समाधी याच गडावर आहे. लोकमान्य टिळक विश्रांतीसाठी ज्या बंगल्यात येऊन राहत, तोही येथे पाहावयास मिळतो. देवटाक्याचे थंड पाणी, पिठले-भाकरी आणि मडक्यातील दही यांचा आस्वाद घेतल्याखेरीज कोणीही गड उतरत नाही.

पोट शांत झाले की कड्यावरून सभोवार पाहा. दूरवर राजगड आणि तोरणा दिसतात. सह्याद्रीच्या रांगा पश्चिमेला एकीमागून एक उभ्या आहेत. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी ढग या रांगांना अडतात आणि तेथे धो धो पाऊस कोसळतो. त्या पावसाचे पाणी तीन वाटांनी खाली येते. एक मुठा, दुसरी मोसे आणि तिसरी आंबी. तिन्ही नद्यांचे पाणी शेवटी खडकवासल्याच्या जलाशयात एकत्र होते आणि तेथून एकाच पात्राने पुण्याकडे जाते. म्हणजे हे खोरे एखाद्या नरसाळ्यासारखे आहे. वर तोंड रुंद, खाली नळी अरुंद. आणि त्या नळीच्या दोन्ही काठांवर पुणे शहर. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की पुढचा सर्व प्रसंग समजणे सोपे जाते.

गड उतरून आपण पुन्हा मूळ रस्त्याला लागू. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला जलाशयाचे पाणी, मधून वळणे घेत जाणारा रस्ता. पावसाळ्यात डोंगरावरून असंख्य ओहोळ उड्या घेत खाली येतात आणि भातखाचरे हिरवीगार होतात. अशी वाट चालता चालता आपण पानशेतला पोहोचतो.

आज येथे जे धरण दिसते ते नव्याने बांधलेले आहे. त्यास तानाजीसागर असे नाव आहे. ते सुमारे त्रेसष्ट मीटर उंच आणि एक किलोमीटरहून थोडे अधिक लांब आहे. हे धरण मातीचे आहे. मातीचे म्हटल्यावर तुम्हांला नवल वाटेल. पण मातीचे धरण कच्चे असते असे मुळीच नाही. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी झिरपू देत नाही; दोन्ही अंगांना मुरूम-मातीचे जाड उतार असतात, ते भार तोलतात; पाण्याकडील अंगाला दगडांचे अस्तर असते. नीट बांधलेले आणि नीट राखलेले मातीचे धरण शतकानुशतके टिकते. मात्र त्याचे दोन शत्रू आहेत. एक, माथ्यावरून वाहणारे पाणी आणि दुसरा, पोटातून मार्ग काढणारे पाणी. दगडी धरणावरून पाणी वाहिले तरी ते काही काळ तग धरते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले की ते माती कापीत जाते आणि पाहता पाहता भगदाड पडते. म्हणून जादा पाणी सुखरूप काढून देण्यासाठी एका बाजूला सांडवा ठेवतात आणि हवे तेवढे पाणी सोडण्यासाठी धरणाच्या तळातून मोरी काढतात.

आता १९६१ सालाकडे वळू. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. देशभर नवी धरणे उभी राहत होती आणि प्रत्येक धरण म्हणजे उद्याच्या समृद्धीचा पाया, अशी लोकांची भावना होती. आंबी नदीवरील पानशेतचे काम १९५७ मध्ये सुरू झाले होते. ते पुरते संपले नव्हते. तरीही त्याच पावसाळ्यात धरणात पाणी साठविण्यास आरंभ झाला. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. तिची दारे उचलण्याची यंत्रणा पूर्णपणे बसलेली नव्हती. अशा स्थितीत जोराचा पाऊस सुरू झाला आणि जलाशय झपाट्याने भरू लागला.

अर्धवट उघड्या दाराखालून पाणी प्रचंड वेगाने मोरीत घुसू लागले. त्या धक्क्यांनी मोरी हादरली, तिला तडे गेले आणि तिच्या भोवतालची माती पाण्याबरोबर वाहून जाऊ लागली. खालचा आधार गेल्यामुळे वरचा बांध खचू लागला. एकीकडे पाणी वर चढत होते आणि दुसरीकडे धरणाचा माथा खाली बसत होता. ११ जुलैच्या दिवशी संकटाची पूर्ण कल्पना आली आणि लष्कराला पाचारण करण्यात आले. ती रात्र विसरता कामा नये. वर मुसळधार पाऊस, भोवती काळोख, पायांखाली खचत जाणारा बांध. अशा ठिकाणी जवानांनी जिवाची बाजी लावून वाळूची पोती रचली. माथा जितका खचे, तितकी पोती वर चढत. त्यांना धरण वाचविता आले नाही. पण त्यांनी रात्र काढली. पहाट झाली, दिवस उजाडला आणि १२ जुलैच्या सकाळी सातच्या सुमारास पानशेतचे धरण फुटले.

त्या रात्रीचे मोल किती होते, याचा विचार करा. हेच धरण मध्यरात्री फुटले असते, तर झोपेत असलेल्या लोकांना पळण्यास अवसरही मिळाला नसता.

सुटलेल्या पाण्याने आधी आंबीकाठची आणि मुठाकाठची खेडी गाठली. शहराच्या दुःखाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. या खेड्यांतील घरे, गुरे आणि पिके यांची आठवण मात्र फार थोडे लोक काढतात. पुढे पाणी खडकवासल्यात आले. येथे एक छोटा हिशेब करू. जलाशयातील पाणी 'अब्ज घनफूट' या मापाने मोजतात. आजच्या आकड्यांप्रमाणे खडकवासल्यात १.९७ अब्ज घनफूट, तर पानशेतमध्ये १०.६५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे तीस हजार कोटी लिटर पाणी मावते. पाच घागरींचे पाणी एका घागरीत ओतले तर काय होईल? तेच झाले. पाणी दगडी भिंतीवरून धबधब्यासारखे कोसळू लागले. ऐंशी वर्षांहून अधिक वयाची ती वृद्ध भिंत काही तास झुंजली आणि अखेर दुपारी तीही फुटली. त्या काही तासांत शेकडो कुटुंबे उंच जागी जाऊ शकली.

शहरात काय घडले? सकाळी नदी चढू लागली तेव्हा पुष्कळांना भय वाटले नाही. पावसाळ्यात नदीला पाणी येणे नवे नव्हते. कित्येक जण तर पूर पाहावयास म्हणून पुलांवर गेले. धरण फुटल्याची वार्ता काहींनी ऐकली, काहींनी ऐकून हसण्यावारी नेली. पाणी पायऱ्या चढून गल्ल्यांत शिरले तेव्हा मात्र लोकांची पाचावर धारण बसली. जो तो मुलाबाळांना घेऊन पर्वतीकडे, टेकड्यांकडे, उंचावरील शाळांकडे धावू लागला. दुपारी खडकवासला फुटल्यावर पाणी आणखी चढले. पूल पाण्याखाली गेले आणि शहराचे दोन तुकडे झाले. वाडे धडाधड कोसळले. दुकाने, छापखाने, ग्रंथ, धान्याची कोठारे, आयुष्यभराच्या पुंज्या, साऱ्यांचे काही तासांत होत्याचे नव्हते झाले. या महापुरात सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली, असे सामान्यतः सांगितले जाते. हजारो कुटुंबे बेघर झाली.

रात्रीपर्यंत पाणी ओसरू लागले. मागे उरला तो चिखल, काळोख आणि दुर्गंधी. विजेचे दिवे नव्हते. नळांनाही पाणी नव्हते, कारण ज्या जलाशयातून पाणी यायचे तो जलाशयच रिता झाला होता. महापुरात बुडालेल्या शहराला प्यायला घोटभर पाणी मिळेना! पण लोकांनी हातपाय गाळले नाहीत. जवान, विद्यार्थी, सफाई कामगार, डॉक्टर, गृहिणी, सर्वांनी कंबर कसली. कोणी चिखल उपसला, कोणी रोगप्रतिबंधक लस टोचली, कोणी आपल्या घराची दारे अनोळखी माणसांसाठी उघडली. शहर पुन्हा उभे करण्याच्या कामी स. गो. बर्वे या कर्तबगार प्रशासकांचे नाव पुणेकर आजही कृतज्ञतेने घेतात. पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती झाल्या. गोखलेनगर आणि सहकारनगर या आजच्या गजबजलेल्या भागांच्या वाढीमागे ही आपत्ती आहे. जुन्या पेठांत दाटीने राहणारे पुणे नदीपासून दूर, टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पसरले.

शासनाने या दुर्घटनेची चौकशी करविली. न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने त्यावर अहवाल सादर केला. खडकवासल्याची भिंत दुरुस्त झाली, पानशेतचे धरण अधिक काळजीने पुन्हा बांधले गेले. त्याच्या शेजारीच मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले, त्यास वीर बाजी पासलकर यांचे नाव दिले आहे. मुठेवर टेमघरचे धरण झाले. आज ही चार धरणे मिळून पुण्याची तहान भागवितात. या जलाशयांच्या तळाशी कित्येकांची वडिलोपार्जित शेते आणि घरे बुडाली आहेत. आपल्या घरातील नळ उघडताना त्या शेतकऱ्यांचे ऋण मनात असावे.

पानशेतच्या परिसरात आणखीही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जवळच्या डोंगरावर नीळकंठेश्वराचे देवस्थान आहे. तेथे पुराणकथांतील प्रसंगांचे पुतळे उभारले आहेत आणि वरून जलाशयाचा विस्तार फार सुंदर दिसतो. ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल, त्यांनी तोरणा आणि राजगड हे दुर्ग अवश्य पाहावे. जलाशयात नौकाविहाराची सोय आहे. परंतु अनोळखी पाण्यात पोहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वरून शांत दिसणाऱ्या या पाण्याखाली खोल चर आणि गाळ असतो.

सायंकाळी पानशेतच्या काठी उभे राहिले म्हणजे मन गंभीर होते. डोंगरांच्या सावल्या पाण्यावर लांबत जातात. एवढे निश्चल पाणी कधी काळी एका शहराचा घास घेण्यास निघाले होते, हे खरे वाटत नाही. मग मनात प्रश्न येतो, दोष कोणाचा? पाण्याचा तर नव्हेच. पाणी उताराकडे धावते, हा त्याचा धर्म आहे. पाऊसही दरवर्षीचाच. अपुऱ्या कामावर पुरे ओझे टाकले गेले, हे या अनर्थाचे मूळ. घाई ही वस्तू लहान कामात थोडे नुकसान करते; मोठ्या कामात तीच घाई हजारोंचे संसार उद्ध्वस्त करते. धोक्याची पहिली चाहूल लागताच ती लोकांपर्यंत स्पष्ट शब्दांत पोहोचली पाहिजे आणि लोकांनीही ती हसण्यावारी नेता कामा नये.

हा धडा आपण पुरता शिकलो आहोत, असे म्हणवत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि झोपेतील माणसे वाहून गेली. त्यांच्या वाट्याला दिवसाचा उजेड आला नाही. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्यातून सोडलेले पाणी यांमुळे पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत पाणी शिरले. धरणांच्या देखभालीसाठी २०२१ साली देशात धरण सुरक्षा अधिनियम झाला, ही समाधानाची गोष्ट होय. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषाही आखलेल्या असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते. शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची मर्यादा लाल रेषा दाखविते. पण रेषा कागदावर आखून भागत नाही. ती माणसांनी पाळावी लागते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी ठेकेदार, कोणी पत्रकार होईल. काम अर्धे असताना ते पूर्ण झाले असे सांगण्याचा मोह तुम्हांलाही कधी तरी होईल. कोणी वरिष्ठ तसा आग्रहही धरील. त्या क्षणी पानशेतचा खचणारा बांध डोळ्यांसमोर आणा. त्या रात्री पावसात पोती रचणारे जवान आठवा. त्यांनी दुसऱ्यांच्या उणिवा आपल्या हातांनी भरून काढण्याचा यत्न केला. आपल्या कामातील उणीव भरून काढण्यासाठी असे दुसऱ्या कोणाला अंधारात उभे राहावे लागू नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घेतली, तर त्या महापुरात गेलेल्यांचे खरे स्मारक उभे राहील.

शब्दार्थ

रोडावणे – बारीक होणे, आटणे. उशालगत, उशाला – अगदी जवळ. नरसाळे – अरुंद तोंडाच्या भांड्यात द्रव ओतण्याचे साधन. गाभा – आतील मुख्य भाग. सांडवा – धरणातील जादा पाणी वाहून जाण्याची वाट. मोरी – धरणाच्या तळातून पाणी सोडण्याचा मार्ग. भगदाड – मोठे छिद्र. पाचारण करणे – बोलावून घेणे. अवसर – सवड, संधी. रिता – रिकामा. वडिलोपार्जित – वाडवडिलांपासून चालत आलेले. निश्चल – न हलणारे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लकडी पुलाला हे नाव का पडले?
(आ) पानशेतचे धरण कोणत्या नदीवर आहे?
(इ) खडकवासल्याचे धरण कोणत्या साली पूर्ण झाले?
(ई) वरसगावच्या धरणाला कोणाचे नाव दिले आहे?

प्र. २. कारणे द्या.
(अ) लेखक मुठेच्या खोऱ्याला नरसाळ्याची उपमा देतो.
(आ) मातीच्या धरणाला सांडवा असणे आवश्यक असते.
(इ) महापुरानंतर पुण्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पानशेतचे धरण कसे फुटले ते क्रमाने सांगा.
(आ) जवानांना धरण वाचविता आले नाही, तरी त्यांची रात्र वाया गेली नाही, असे का म्हणता येईल?
(इ) "पाण्याचा तर नव्हेच." या वाक्यातून लेखकाला काय सुचवावयाचे आहे? तुमचे मत लिहा.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जिवाची बाजी लावणे, पाचावर धारण बसणे, होत्याचे नव्हते होणे, हातपाय गाळणे, कंबर कसणे, हसण्यावारी नेणे.

प्र. ५. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) मातीचे धरण कच्चे असते असे मुळीच नाही. (प्रश्नार्थक करा.)
(आ) कित्येक जण पूर पाहावयास गेले. (भविष्यकाळ करा.)
(इ) त्यांनी रात्र काढली. (प्रयोग ओळखा.)

उपक्रम
(१) तुमच्या गावाजवळील नदीला पूर्वी मोठा पूर कधी आला होता, पाणी कोठपर्यंत चढले होते, हे घरातील अथवा शेजारच्या वृद्धांना विचारून लिहून काढा.
(२) शिक्षकांच्या मदतीने मुठा, मोसे आणि आंबी या नद्या आणि त्यांवरील चार धरणे दाखविणारा नकाशा काढा.